मोठ्या आईची गाठ बादलीत गेली. साधी गाठ आणि कॅन्सरची गाठ ओळखतात कशी?

पऱ्हाटी (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं कापसाच्या भावावर नाहीतर बोंडअळीवर भांडायला येतो. आज विषय घरचा आहे.

माझी मोठी आई, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. वय ५८. राळेगावकडं आमचं गाव. तिच्या उजव्या मांडीत मागच्या बाजूनं गाठ होती, बोराएवढी, पाच-सहा वर्षं तशीच. निंदायला उकिडवं बसली की तिथं चेपायचं, म्हणून ती एक पाय लांब करून निंदायची. बायका हसायच्या. ती म्हणे, "दुखत नाही नं, मंग कायले चिराची?"

दोन वर्षांपूर्वी गाठ वाढलेली दिसली, तेव्हा तालुक्याच्या एका खाजगी डॉक्टरकडं नेलं. त्यांनी हात लावला, म्हणाले चरबीची आहे, आत्ताच काढून टाकू. जागा बधिर करून वीस मिनिटांत काढली. मी तिथंच होतो. चिमट्यात धरून मला दाखवली. पिवळी, लोण्यासारखी, संत्र्याच्या फोडीएवढी. मग टेबलाखालच्या पिवळ्या बादलीत टप्पकन. आम्ही काही विचारलं नाही. विचारायचं असतं हेच कोणाला ठाऊक होतं? उलट घरी येताना पेढे घेतले.

यंदा दसऱ्याच्या सुमारास त्याच जागी परत. आता अख्ख्या संत्र्याएवढी, आणि खोल. सेवाग्रामला नेलं. तिथल्या सर्जन मॅडमचा पहिलाच प्रश्न, "मागच्या गाठीचा तपासणी रिपोर्ट कुठाय?" मी गप्प. दुसऱ्यांदाही विचारलं त्यांनी, त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही.

आधी एमआरआय केला, मग गुरुवारी जाड सुईनं तुकडे घेतले (ट्रू-कट म्हणतात). रिपोर्ट यायला आठ-दहा दिवस. घरात दोन पार्ट्या पडल्यात. मोठे बाबा म्हणतात, गाठीला हत्यार लागलं म्हणूनच चवताळली, आता पुन्हा हात लावू देणार नाही. चुलतभाऊ म्हणतो सगळं नशीब. मला एवढंच समजून घ्यायचं आहे की साधी गाठ आणि कॅन्सरची गाठ यात नेमका फरक काय, आणि तो हातानं कळतो का? कळत असेल तर त्या डॉक्टरला कळायला पाहिजे होता. नसेल तर त्यानं बादलीत का टाकली?

---

भंडाऱ्याची_पोर (सोमवार, रात्री १०:०५)

भाऊ, धीर धरा. माझ्या आईच्या पाठीवर आणि दंडावर मिळून चार गाठी आहेत, पंधरा वर्षं झाली, काही नाही. पण हे वाचून आज रात्री मी त्या मोजणार आहे हे नक्की.

---

वऱ्हाडी_ठेचा (सोमवार, रात्री १०:३१)

मोठे बाबा बरोबर म्हणून रायले. माह्या मामाच्या घशात गाठ होती. चांगला चालता-फिरता माणूस. बायप्सी केली अन तीन महिन्यात खल्लास. हत्यार लावू नका.

---

काचपट्टी (मंगळवार, सकाळी ७:१५)

पऱ्हाटी भाऊ, लोकांच्या गाठी कापायच्या आणि भिंगाखाली बघायच्या, हेच माझं रोजचं काम. रुग्ण मला कधी दिसत नाही, त्याची बाटली दिसते. म्हणून लांबलचक लिहिते, चालवून घ्या.

आधी शब्दाचा घोळ. आपल्याकडं सगळ्यालाच गाठ म्हणतात. मानेला गंडमाळ आली तरी गाठ, पाठीत चरबी साचली तरी गाठ, स्तनात कॅन्सर झाला तरी गाठ. बिचारा माणूस "गाठ आहे" एवढं ऐकून मरणाच्या तयारीला लागतो, नाहीतर अजिबात लक्ष देत नाही. यातल्या ज्या गाठी शरीराच्या स्वतःच्याच पेशी गरज नसताना वाढत गेल्यानं होतात, त्यांना ट्यूमर म्हणतात. ट्यूमर म्हणजे कॅन्सर असं नव्हे. ट्यूमर बिनाईन असतो, म्हणजे साधा, किंवा मॅलिग्नंट, आणि या दुसऱ्यालाच कॅन्सर म्हणायचं.

फरक शेतकऱ्याला सांगायला सोपा आहे. साधी गाठ म्हणजे स्वतःच्याच वावरात ढीग लावणारा शेजारी. ढीग कितीही उंच झाला तरी तो त्याच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या आत. तुमच्या वावरावर सावली पडेल, तुमचा पाट दबेल, पण धुरा शाबूत. बऱ्याच साध्या गाठींना खरंच पातळ पिशवीसारखं आवरण असतं, त्यामुळं सर्जनला ती शेंगेतून दाणा काढावा तशी सोलून काढता येते. मॅलिग्नंट म्हणजे धुरा कोरणारा. दरवर्षी नांगराचं एक तास आत. त्याची हद्द कुठं संपते ते दिसत नाही, स्नायूत, नसेभोवती, कातडीत तो बोटं घालतो. आणि तेवढ्यानं भागत नाही. नाल्याला पूर आला की त्याचं बी वाहून खालच्या गावात जातं आणि तिथं उगवतं. शरीरातले नाले म्हणजे रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या. खालची गावं म्हणजे फुप्फुस, यकृत, हाडं, मेंदू. स्तनाचा कॅन्सर मणक्यात गेला तरी तो हाडाचा कॅन्सर होत नाही, मणक्यात उगवलेला स्तनाचाच कॅन्सर असतो आणि औषधही स्तनाचंच चालतं. हे दूर जाऊन उगवणं साध्या गाठीला जमत नाही.

भिंगाखाली काय दिसतं? आम्ही पातळ चकत्या दोन रंगांत रंगवतो, त्यामुळं पेशीचं केंद्रक जांभळं आणि बाकीचा भाग गुलाबी दिसतो. साध्या गाठीत पेशी आपल्या मूळ कुळासारख्या दिसतात. चरबीची गाठ असेल तर चरबीच्याच पेशी, एकसारख्या, केंद्रक कडेला दाबलेलं बारीक. मॅलिग्नंटमध्ये केंद्रकं मोठी, गडद, एकाची दुसऱ्याशी मापं जुळत नाहीत, आणि जिकडंतिकडं पेशी दुभंगताना सापडतात. पण आमची नजर सगळ्यात आधी जाते ती कडेला. धुरा कोरलाय का? बाजूच्या स्नायूत घुसलंय का?

आता तुमचा खरा प्रश्न, हातानं कळतं का. अंदाज येतो. मऊ, कातडीच्या लगेच खाली, बोटानं ढकलली की सटकणारी, वर्षानुवर्षं तेवढीच, अशी गाठ बहुतेक वेळा चरबीची. कडक, बुडाशी चिकटलेली, महिन्यामहिन्याला वाढणारी गाठ संशयाची. पण 'बहुतेक वेळा' या शब्दातच माझ्या ओळखीचे काही पेशंट गेले आहेत. हातापायातली गाठ ५ सेंमीपेक्षा मोठी, किंवा खोल स्नायूत, किंवा वाढत चाललेली, किंवा काढून परत आलेली, यातलं एक जरी लागू पडलं तरी आधी एमआरआय आणि मग सुईचा तुकडा, आणि तेही जिथं पुढं ऑपरेशन होणार तिथंच, असा क्रम असतो. सेवाग्रामच्या मॅडमनी बरोबर तोच पाळला.

दुखत नाही म्हणून साधी, हे डोक्यातून काढा. दुखरी, लाल, ताप आणणारी गाठ पुष्कळदा पू किंवा संसर्गाची निघते. कॅन्सर सुरुवातीला बहुधा मुकाट्यानं बसतो.

बादलीचं विचारलंत. वरवरच्या लहानशा गाठी काढून फेकून देतात, हे सर्रास होतं. मी त्या डॉक्टरला ओळखत नाही. पण शरीरातून कापून काढलेली गाठ तपासायलाच जायला हवी, यावर माझं कोणाशी तडजोडीचं बोलणं नाही.

---

पऱ्हाटी (मंगळवार, सकाळी ८:०२)

ताई, धुरा कोरण्याचं एका झटक्यात समजलं. आमच्या धुऱ्याची केस सतरा वर्षं चालू आहे.

---

वऱ्हाडी_ठेचा (मंगळवार, सकाळी ९:१०)

समजावलं मस्त. पण माह्या मामाचं काय? बायप्सीआधी बरा होता नं तो.

---

काचपट्टी (मंगळवार, दुपारी १:३०)

ठेचा भाऊ, मामांचं वाईट वाटलं. पण घशातली गाठ बाहेरून हाताला लागेपर्यंत आत बरंच काही होऊन गेलेलं असतं. बायप्सी झाली त्या दिवशी घरच्यांना कळलं, आजार त्या दिवशी सुरू झाला नाही. तीन महिन्यांत जो माणूस जातो त्याचा आजार सुईनं वाढवलेला नसतो, सुईच्या कितीतरी आधी पसरलेला असतो.

सुईच्या वाटेनं पेशी जाऊच शकत नाहीत असं मी म्हणणार नाही. क्वचित घडतं. म्हणून तर मांडीसारख्या ठिकाणी सुई कुठून घालायची हे सर्जन ठरवतो, म्हणजे नंतर ती वाटसुद्धा गाठीसोबत काढून टाकता येते. अंडकोषाच्या गाठीत तर बाहेरून सुई घालतच नाहीत, तिथं सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या करून जांघेतून पूर्ण अंडकोषच काढतात. हे नियम आहेत म्हणूनच न तपासता घरी बसण्यापेक्षा सुई शंभर पटीनं बरी.

आणि मोठ्या बाबांच्या म्हणण्यात एक दाणा खरा आहे, तो त्यांना जरूर सांगा. हत्यार लागल्यानं गाठ चवताळत नाही. पण अर्धवट काढली तर उरलेली वाढते. दोन वर्षांपूर्वी बहुधा हेच झालं असेल. गाठ सोलली, पण बुडाचा भाग मांडीतच राहिला.

---

गुरुजी_निवृत्त (मंगळवार, दुपारी ३:४८)

या हत्यारावरून मलाही दोन ओळी लिहायच्या आहेत. आमच्याकडं आयुर्वेदाचं नाव घेऊन 'चिरू नका' सांगणारे पुष्कळ. पण सुश्रुतसंहितेत ग्रंथी वेगळी आणि अर्बुद वेगळं, असं निदानस्थानातच स्वतंत्र सांगितलं आहे. एका अर्बुदाच्या जागी पुन्हा उठणाऱ्या अर्बुदाला अध्यर्बुद असं वेगळं नाव आहे. आणि चिकित्सेत तर स्पष्ट म्हटलं आहे की अर्बुद काढताना काहीही शिल्लक ठेवू नये, शिल्लक राहिलं तर उरलेल्या विस्तवासारखं पुन्हा भडकतं. म्हणजे सुश्रुताचा आक्षेप शस्त्राला नव्हता, शिल्लकीला होता. मोठ्या बाबांना माझ्यातर्फे नमस्कार सांगून हे वाचून दाखवा.

---

कोरडवाहू_अकोला (मंगळवार, सायंकाळी ६:२०)

आमच्या बाबांनी पाठीवरच्या गाठीला बिब्बा लावला होता. शेजारच्या आजोबांनी सांगितलं, जिरते म्हणून. गाठ जिरली नाही, कातडी मात्र अशी भाजली की दीड महिना पालथं झोपावं लागलं. नंतर डॉक्टरनी काढली तर साधी चरबीची निघाली. गाठीची जखम चार दिवसांत भरली, बिब्ब्याचा डाग अजून आहे.

---

अंगणातली_तुळस (मंगळवार, रात्री ९:१५)

सगळे 'तपासलं नाही' म्हणून रडताहेत, मी उलटं रडते. माझ्या बहिणीचं वय ४४. पोटात दुखलं म्हणून शहरातल्या एका दवाखान्यात सोनोग्राफी केली, पिशवीला ३ सेंमीचा गोळा. अंगावरून जास्त जाणं नाही, काही नाही. डॉक्टर म्हणाल्या, "पिशवी काढून टाका, नाहीतर उद्या कॅन्सर होईल." दोन दिवसांनंतरची तारीखही दिली. भाऊजींनी सोयाबीन विकायला काढलं. मी हट्टानं तिला नागपूरला मेडिकल कॉलेजला नेलं. तिथल्या डॉक्टरनी सोनोग्राफी पाहिली, तपासलं, म्हणाल्या फायब्रॉइड आहे, त्रास नाही तर काढायचं कशाला, सहा महिन्यांनी परत दाखवा. तीन वर्षं झाली. गोळा तेवढाच आहे. सोयाबीन वाचलं.

साध्या गाठीला कॅन्सरची भीती दाखवून घेतलेली पिशवी कोणत्या बादलीत जाते, हेही कोणी तरी विचारा.

---

काचपट्टी (मंगळवार, रात्री ९:५०)

तुळस, अगदी रास्त. फायब्रॉइड हा गर्भाशयाच्या स्नायूचा साधा ट्यूमर. पाळी असेपर्यंत असंख्य बायकांना असतो, कित्येकींना कळतही नाही. पाळी गेल्यावर बहुधा आपोआप आक्रसतो. त्याचा कॅन्सर होणं फार फार दुर्मिळ. खूप रक्त जात असेल, हिमोग्लोबिन उतरत असेल, लघवीवर दाब येत असेल तर उपचार लागतो, आणि त्याचेही पर्याय असतात. 'कॅन्सर होईल' एवढ्या एका वाक्यावर पिशवी देऊ नये.

फक्त एक गोष्ट यात मिसळू नका. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, एक डाग जरी दिसला, तर तो फायब्रॉइडच्या खात्यात टाकून बसायचं नाही. दाखवायचं.

---

वहीवाली_आशा (बुधवार, सकाळी ६:३०)

मी आशा आहे, पांढरकवड्याकडं. तीस वर्षांपुढच्या सगळ्यांचा सी-बॅक फॉर्म आम्ही भरतो, त्यात छातीत गाठ आहे का, तोंड पूर्ण उघडतं का, असे प्रश्न असतात. पहिल्या फेरीत बाया "नाही, नाही" म्हणून मोकळ्या होतात. दुसऱ्या फेरीत चुलीपाशी बसलं की मग पदर सावरत सांगतात.

गेल्या वर्षी एक पोरगी आली, वय फक्त १९, फॉर्मच्या वयाचीसुद्धा नाही. छातीत लिंबोळीएवढी गाठ. माझ्या बोटाखाली सशासारखी पळायची, इकडून दाबली की तिकडं. सोनोग्राफी झाली, बारीक सुई घातली, फायब्रोॲडिनोमा निघाला. डॉक्टर म्हणाले तरुण पोरींत हा नेहमीचा, साधा, आता काढायची गरज नाही, सहा महिन्यांनी दाखवा. पोरगी हसली. तिची आई मात्र बाहेर येऊन पायरीवर बसली आणि मला म्हणाली, "ताई, सोयरीक आली तं सासरी सांगाचं का हे?" याचं उत्तर माझ्या कोणत्याच वहीत नव्हतं.

दुसरी एक काकू, पन्नाशीच्या. गाठ बारीक होती, पण कडक, आणि वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी, बारीक बारीक खड्ड्यांची. बोंड आत ओढलेलं. त्या म्हणे दुखत नाही. मी त्याच दिवशी सोबत गेले. कॅन्सर होता. ऑपरेशन, केमो, सगळं झालं. परवा बाजारात भेटल्या, अंबाडीची भाजी निवडून निवडून घेत होत्या.

---

खर्राबंद_५_वर्षे (बुधवार, सकाळी ११:१२)

माझा प्रश्न मधल्याचा आहे. मी अठरा वर्षं खर्रा खाल्ला. दिवसाला सात-आठ पुड्या. तोंड उघडेना झालं, तिखट लागलं की आग. दातांच्या डॉक्टरनी विचारलं, तीन बोटं उभी आत जातात का? दीडच गेली. गालाच्या आतून पांढरट, पट्ट्यासारखं कडक. आणि एका बाजूला पांढरा चट्टा. म्हणाले अजून कॅन्सर नाही, पण वाटेवर आहे. म्हणजे हे साधं की मॅलिग्नंट?

---

काचपट्टी (बुधवार, दुपारी २:०५)

दोन्ही नाही. तोंड आखडतं त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, पांढऱ्या चट्ट्याला ल्युकोप्लाकिया. यांना कॅन्सरपूर्व म्हणतात. सगळ्यांचा कॅन्सर होत नाही, पण ज्यांचा होतो ते पुष्कळदा याच रांगेतून येतात. लाल चट्टा असेल तर जास्त धोका. आणि लोकांना वाटतं तंबाखूनं होतं, सुपारीनं काय होतंय. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं नुसत्या सुपारीलाही कॅन्सर करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलं. खर्र्यात दोन्ही एकत्र घोटलेलं, वरून चुना. राज्यात गुटखा २०१२ पासून बंद, पण खर्रा पानठेल्यावर समोर घोटून मिळतो.

तुमच्यासारख्यांनी तोंड नियमित दाखवत राहायचं. चट्टा जाडावला, त्यात जखम झाली, दोन-तीन आठवड्यांत तोंडातली कुठलीही जखम भरली नाही, तर तुकडा. आणि पाच वर्षं बंद ठेवलात, याबद्दल मनापासून शाबासकी.

---

खर्राबंद_५_वर्षे (बुधवार, दुपारी २:२०)

आता अडीच बोटं जातात.

---

लोणारचा_खडक (बुधवार, रात्री ८:४४)

माझ्या लहान भावाच्या मानेला एका बाजूला माळच लागली होती, तीन-चार गाठी. आईनं तर कॅन्सर धरून नवस बोलून टाकला. सुईनं पाणी काढलं, तपासलं, टीबी निघाला. गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट, सहा महिने, एकही दिवस चुकवला नाही. गाठी विरल्या. ताईंनी वर गंडमाळ लिहिलं तेव्हा आठवलं, आमची आजी पहिल्या दिवसापासून तेच म्हणत होती. कोणी ऐकलं नाही, कारण तिनं त्यावर कडुनिंबाचा पाला सांगितला होता.

एक शंका. साधी गाठ म्हणजे जिवाला धोका नाहीच ना?

---

काचपट्टी (बुधवार, रात्री ९:३०)

जागेवर अवलंबून. मेंदूच्या आवरणाचा मेनिन्जिओमा बहुधा साधाच असतो, पण कवटी म्हणजे बंद कोठी. आत ढीग वाढला तर जागा कोणाची जाणार? डोळ्याची नस दबते, झटके येतात. आतड्यातले काही मोड (ॲडिनोमा, मूळव्याधीचे मोड नव्हेत) आज साधे असतात आणि दहा-पंधरा वर्षांत त्यांचा कॅन्सर होऊ शकतो, म्हणून दुर्बिणीतून दिसले की काढतात. चरबीच्या गाठीला मात्र कोणी हात लावला नाही तरी तिचं काही अडत नाही.

---

बाटलीवाला_यवतमाळ (गुरुवार, सकाळी १०:१५)

मी लॅब टेक्निशियन. ताई वरचं लिहितील, मी खालचं लिहितो. गाठ काढली की ती पोचवायची जबाबदारी बऱ्याच वेळा नातेवाइकांच्या हातात देतात, "नागपूरला नेऊन द्या" म्हणून. लोक कशात आणतात हे सांगितलं तर खोटं वाटेल. मिठाच्या पाण्यात. डेटॉलमध्ये. एकानं बर्फाच्या डब्यात गोठवून आणली. एक काका तर पन्नीत बांधून, शर्टाच्या वरच्या खिशात, मे महिन्यातल्या एसटीत उभ्यानं प्रवास करून आले. पन्नी उघडली तर वाळलेल्या बोराची साल. त्यातून रिपोर्ट काय निघणार? आणि दुसरी गाठ तर काढता येत नाही.

रुंद तोंडाची बाटली घ्या. बारीक तोंडाच्या बाटलीत मऊ गाठ कशीबशी घुसते, मग फॉर्मॅलिनमध्ये (गाठ टिकवायच्या औषधात) कडक होते आणि निघतच नाही. फॉर्मॅलिन दवाखान्यातूनच मागा, १० टक्क्यांचं, गाठीच्या दहापट तरी. झाकण घट्ट लावा, डोळे झोंबतात त्यानं. बाटलीच्या अंगावर, झाकणावर नाही, पेशंटचं नाव, वय, कुठल्या जागची गाठ, तारीख. झाकणं बदलतात. सोबत डॉक्टरची चिठ्ठी, त्यात आधी ऑपरेशन झालं असेल तर तेही. आणि रिपोर्ट आला की मूळ प्रत जपा. आमच्याकडं गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात घालून ठेवलेला असतो, कधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं झालं तर त्यातूनच नवी काच (स्लाइड) करता येते.

---

भंडाऱ्याची_पोर (गुरुवार, दुपारी १२:४०)

आईच्या गाठी मोजल्या. चारच आहेत, सगळ्या सटकतात. एक सुपारीपेक्षा मोठी आहे ती दाखवून आणते. खर्चाचं काय असतं हो पऱ्हाटी भाऊ?

---

पऱ्हाटी (गुरुवार, दुपारी १:५५)

नुसत्या तपासणीला आमचा फारसा गेला नाही, गाडीभाडंच जास्त. कॅन्सर निघाला तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन, केमो, शेक (रेडिएशन) हे बसतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेतल्या दवाखान्यात दारातच आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशन कार्ड आणि आधार दोन्ही न्या, आणि दोन्हीवर नावाचं स्पेलिंग सारखं आहे का ते घरूनच बघून जा. आमचं नव्हतं. 'शकुंतला' आणि 'शकुन' यात एक अख्खा दिवस गेला.

---

पऱ्हाटी (पुढचा बुधवार, रात्री ८:२०)

रिपोर्ट आला मंडळी. फोटो टाकत नाही, मोठ्या आईनं मनाई केली आहे. लिहिलंय 'ॲटिपिकल लायपोमॅटस ट्यूमर'. खाली आणखी एका जनुकाच्या तपासणीचा सल्ला आहे, त्याचा नमुना पुढं पाठवला. मॅडमनी समजावलं, पण तिथं कळलेलं बसमध्ये विसरलो. ताई, हे साधं की कॅन्सर?

---

काचपट्टी (पुढचा बुधवार, रात्री ९:०५)

पऱ्हाटी भाऊ, मीच धुऱ्याचं एवढं सोपं करून सांगितलं आणि तुमच्या मोठ्या आईनं माझा दृष्टांत मोडला. ही मधली जात आहे. धुरा कोरते, पण नाल्यातून बी पाठवत नाही. म्हणजे त्याच जागी परत परत येऊ शकते, दूर पसरण्याची सवय तिला नाही. अपवाद एकच. फार वर्षं पडून राहिली किंवा वारंवार अर्धवट काढली गेली तर तिच्यातल्या काही भागाचं रूप बदलून खरा मारका सारकोमा, म्हणजे चरबी-स्नायूसारख्या भागांचा कॅन्सर, होऊ शकतो. म्हणून सगळी, बुडासकट, नीट काढायची आणि नंतर कित्येक वर्षं दाखवत राहायचं. त्या जनुकाच्या तपासणीचं नाव बहुधा एमडीएमटू असेल. साधी चरबीची गाठ आणि ही, दोघी भिंगाखाली कधीकधी इतक्या सारख्या दिसतात की आम्हालाही त्याशिवाय छातीठोक सांगता येत नाही.

तालुक्याच्या डॉक्टरला हातानं कळायला पाहिजे होतं का, असं तुम्ही विचारलं होतं. हातानं मलाही कळलं नसतं.

---

वऱ्हाडी_ठेचा (पुढचा बुधवार, रात्री ९:२२)

म्हणजे बाटलीत टाकली असती तं दोन वर्षांआधीच समजलं असतं.

---

पऱ्हाटी (पंधरा दिवसांनी, शनिवार, सायंकाळी ५:१०)

ऑपरेशन काल झालं. मोठे बाबा शेवटपर्यंत कुरकुरत होते. गुरुजींचं सुश्रुताचं वाचून दाखवलं तेव्हा म्हणाले, "हे आधी काहून नाही सांगितलं?" आणि सही केली.

आत नेताना मोठी आई स्ट्रेचरवरून सिस्टरला विचारत होती, "बाई, माही बाटली कुठाय?" सिस्टरनी आणून दाखवली, मोठ्या तोंडाची, रिकामी, चिकटपट्टीवर नाव. तिला वाचता येत नाही. मला जवळ बोलावून वाचायला लावलं. नाव, वय ५८, उजवी मांडी. तिनं दोनदा वाचून घेतलं, कारण पट्टीवर 'शकुन' लिहिलं होतं. मग तिनं सिस्टरला ते खोडून 'शकुंतला' करायला लावलं, आणि मगच आत गेली.

बाटलीचा रिपोर्ट दहा दिवसांत. आला की इथंच लिहितो.